उसाच्या ट्रॉलीला मागून धडक, आणि एअरबॅग उघडलीच नाही

उद्यमबागचा टर्नर
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. डाव्या हाताने टाइप करूलालोय, चुका पदरात घ्या. उजवा हात गळ्यात अडकवलाय. कॉलरबोन मोडलंय आणि दोन बरगड्यांना चीर आहे.

तीन आठवड्यांमागे कोल्हापुराहून अंबाबाईचं दर्शन घेऊन बेळगावला येत होतो. बायको शेजारी, आई मागे, बरोबर माझ्या सीटच्या पाठीशी. संकेश्वर सोडलं होतं, हत्तरगी टोल अजून यायचा होता. रात्रीचे साडेनऊ, वेग ऐंशीच्या आसपास. समोर नुसता अंधार दिसत होता. त्या अंधारातच दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. आधी उसाची कापलेली पांढरी बुडं दिसली, मग ट्रॉली. ब्रेकवर उभाच राहिलो, जळक्या टायरचा वास अजून नाकात आहे. तरी पन्नासच्या आसपास वेगाने आत घुसलोच. ट्रॅक्टरवाला उतरला तोच "लाइट इल्लरी, लाइट इल्लरी" करत, म्हणजे लाइट नाही हो. त्याच्यावर राग काढायला हे लिहीत नाही. थरथरत होता बिचारा.

धडकेचा आवाज आठवत नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. प्रसादाचा नारळ मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवला होता, तो पुढे डॅशबोर्डवर येऊन पडला होता. आणि आई माझ्या सीटच्या पाठीत रुतल्यासारखी. कपाळाला नऊ टाके पडले, मांडीच्या हाडात रॉड बसवलाय. वय ६७. बायकोला छातीवर तिरका काळानिळा वळ, बाकी काही नाही.

आता विचारायचं आहे ते. दोन्हीपैकी एकही एअरबॅग उघडली नाही. गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेलाय, डिफेक्ट आहे, केस घाला." मावसभाऊ म्हणतो, पट्ट्यानेच तुझं हाड मोडलं, पट्टा नसता तर नुसतं खरचटलं असतं. आणि आई हॉस्पिटलात सगळ्यांना सांगूलाल्या, "मागं कोण पट्टा लावतंय?" खरं सांगायचं तर मीही तिला कधी लावायला सांगितलं नव्हतं.

मी व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, काम करणारा माणूस. टूल तुटला तर का तुटला ते कळल्याशिवाय दुसरा लावत नाही. कोणी नीट समजावून सांगेल काय? गाडीचे तीन फोटो खाली टाकलेत.


शहापुरी
रविवार, रात्री ११:१५

भावा, सरळ ग्राहक मंचात जा. सहा एअरबॅगच्या जाहिराती करतात आणि वेळेला एक उघडत नाही. पुढची गाडी घेशील तेव्हा पहिल्यांदा पुढे लोखंडी गार्ड मारून घे. आजकालचा पत्रा बोटाने दाबला तरी चेपतो. आमच्या काकांची जुनी ॲम्बेसडर कडोलीच्या वळणावर झाडाला आपटली होती, गाडीला काही झालं नाही.


तवंदीपलीकडची
सोमवार, सकाळी ७:०५

शहापुरी, ॲम्बेसडरला काही झालं नाही, आणि काकांना? त्याकडे नंतर येते.

टर्नरदादा, आधी आईंना लवकर बरं वाटो. मी निपाणीची. मेकॅनिकल बेळगावातच केलं, आता पुण्याजवळ एका क्रॅश लॅबमध्ये आहे. माझं काम डमी, म्हणजे माणसाच्या मापाचा चाचणीचा पुतळा, गाडीत बसवायचं. गाडी भिंतीवर आदळते ते एका क्षणात उरकतं, पण डमी बसवायला अर्धा दिवस जातो. लॅब २१ अंशांच्या आसपास ठेवायची, नाहीतर छातीचं रबर वेगळं वागतं. प्रत्येक सांधा इतकाच आवळायचा की हात आडवा धरून सोडला तर जेमतेम तिथे राहील. कपाळाला एक रंग, गुडघ्यांना दुसरा, म्हणजे धडकेनंतर कुठला अवयव कुठे टेकला ते रंगावरून वाचता येतं. सांगायचा मुद्दा, तुमचे फोटो मी त्याच नजरेने बघितले.

दुसऱ्या फोटोत बॉनेट चुरगळून काचेपर्यंत गेलंय, काचेचा उजवा खांब वाकलाय. पण नंबरप्लेट बघा. सरळ आहे, अक्षरसुद्धा खरवडलेलं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या नंबरप्लेटवर आहे.

बंपरच्या मागे डावी-उजवीकडे दोन जाड पोलादी दांडे असतात. समोरून धडक बसली की त्यांनी घड्या पडत पडत चुरगळायचं, ही त्यांची नोकरी. एअरबॅगचा मेंदू म्हणजे गिअरच्या दांड्याजवळ खाली बसवलेली एक डबी. गाडी किती मोडली हे तिला दिसत नाही, वेग किती झपाट्याने उतरतोय तेवढंच ती मोजते. पहिल्या १५-२० मिलिसेकंदांत तिला निर्णय घ्यायचा असतो, कारण पुढच्या तीसेक मिलिसेकंदांत पिशवी फुगून तयार हवी. अख्खी धडकच शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांत संपते, पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. दांडे चुरगळायला लागले की वेग दणकन उतरतो आणि डबीला कळतं. तुमच्या बाबतीत ट्रॉलीचा तळ दांड्यांच्या वरून गेला. त्याला आडवं आलं ते बॉनेट, आणि बॉनेट म्हणजे पापड. वेग सावकाश उतरत गेला, डबीला वाटलं जोराचा ब्रेक असेल, मोठा खड्डा असेल. काचेचा खांब उसाला भिडला तेव्हा खरा हिसका बसला, तोवर उशीर झाला होता. सेन्सर तपासून घ्या जरूर, विम्यालाही लागेल. पण नंबरप्लेट शाबूत आणि काच फुटलेली असेल तर एअरबॅग न उघडण्यात मला नवल वाटत नाही.

गाडी अशी पुढच्या वाहनाच्या खाली घुसते त्याला आमच्याकडे अंडरराइड म्हणतात. जेन मॅन्सफिल्ड ही हॉलिवूडची नटी १९६७ साली अशीच ट्रकच्या मागे गाडी घुसून गेली. तेव्हापासून तिकडे ट्रेलरच्या मागच्या आडव्या बारला लोक तिच्या नावाने ओळखतात. आपल्याकडेही ट्रकांसाठी अशा बारचं मानक आहे, आयएस १४८१२. उसाच्या ट्रॉलीला मागे असते ती सुतळी.

आता तुमचं हाड. उजवं म्हणालात ना? आपल्याकडे चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरूनच येतो. म्हणजे पट्टा जिथे धरायला हवा तिथेच त्याने धरलं. पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला १४ मीटर. तेवढा वेग यायला माणसाला दहा मीटरवरून खाली पडावं लागतं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. आता तिसऱ्या मजल्यावरून पडलेला माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबवायचा असेल तर सरासरी २० जी लागतात, त्याच्या वजनाच्या वीसपट जोर. तुमचं वजन ७० धरलं तर १,४०० किलो. हा जोर कुठेतरी घ्यावाच लागणार. पट्टा तो कॉलरबोन, छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड यांच्यावर वाटून देतो. त्यातलं कॉलरबोन सगळ्यात बारीक, ते मोडलं. पट्टा नसता तर अर्ध्या मीटरचे पाच सेंटिमीटर झाले असते, स्टिअरिंग आणि काच देते तेवढेच. अंतर दहावा हिस्सा झालं की जोर दहापट. २० जीचे २०० होतात. मावसभावाला सांगा, खरचटण्याचा हिशेब असा आहे.

आमचे आजोबा निपाणीच्या वखारीत होते. लहानपणी माळ्यावरून गुळाची ढेप माझ्या हातून निसटली, खाली तंबाखूचं बोद, म्हणजे भरलेलं मऊ गाठोडं, होतं म्हणून शाबूत राहिली. दुसऱ्यांदा फरशीवर पडली आणि मार मी खाल्ला. ढेप तीच, उंची तीच. बोद चार बोटं दबतं, फरशी दबत नाही. शहापुरी, तुमच्या काकांची ॲम्बेसडर म्हणजे ती फरशी. गाडी चेपली नाही म्हणजे चेपायचं काम आतल्या माणसावर आलं. आणि लोखंडी गार्ड तर डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलेत. तो दांड्यांच्या कामात लुडबूड करतो, डबीला गोंधळात टाकतो आणि समोर पायी जाणारा माणूस असेल तर त्याच्या मांडीचं हाड तोडतो.

ड्यूटीची वेळ झाली. आईंचं संध्याकाळी लिहिते, ते घाईत लिहायचं नाही.


हुक्केरीचा ऊसवाला
सोमवार, दुपारी १:३०

माझी स्वतःची जोडट्रॉली आहे म्हणून बोलतो. ट्रॉल्या गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडे होतात. मागे बार लावा म्हटलं तर म्हणतो, कारखान्यात खाली करताना आडवा येतो. लाइटची वायर पहिल्या ट्रॉलीतून दुसरीत जाते. रानात ट्रॉली सोडायची, जोडायची, दर खेपेला ती तुटते, चिखलात जाते. रिफ्लेक्टर आम्ही लावतो हो, पण ऊस मागे दोन-दोन फूट बाहेर येतो आणि वरून पाचट लोंबतं. रिफ्लेक्टर झाकलाच. त्यात ड्रायव्हर दोन दिवस कारखान्याच्या लाइनीत झोपेविना.

औंदापासून मी एक केलंय. बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा मिळतो, सायकलीचा. तो ट्रॉलीला न लावता शेवटच्या मोळीलाच बांधतो, ऊस जिथे संपतो तिथे. खाली करायच्या आधी ड्रायव्हरने तो काढून खिशात टाकायचा. आतापर्यंत चार हरवले. हरवूदेत.

ती बार किती उंचीवर लागते ताई? जमिनीपासून?


तवंदीपलीकडची
सोमवार, रात्री ९:२०

ऊसवालेकाका, तुमच्या मोळीच्या दिव्याचा फोटो टाका. लॅबमधल्या सगळ्यांना दाखवणार आहे. बारचा हिशेब सोपा आहे: कारचा बंपर साधारण गुडघ्याच्या उंचीवर असतो, बार त्याला भिडला पाहिजे. ट्रॉलीच्या तळाला चिकटवून वर लावलात तर उपयोग शून्य. आणि चेसीपर्यंत तिरके आधार द्या. नुसता आडवा पाइप वेल्ड केलात तर तो पहिल्या दणक्यात वर दुमडतो. खाली करताना अडतो म्हणता तर बिजागरी आणि पिन घालून वर उचलता येईल असा करून घ्या, वेल्डिंगवाल्याला काही अवघड नाही.

आता आई.

टर्नरदादा, तुमचा नारळ आणि आई एकाच रांगेतले. वाईट वाटून घेऊ नका, पण गणित तेच आहे. गाडी उसाला भिडून थांबत होती तेव्हा तुम्ही आणि वहिनी पट्ट्याने गाडीला बांधलेले, गाडीबरोबर थांबत गेलात. गाडी जेवढी चेपली तेवढं अंतर तुम्हाला फुकटात मिळालं. आई बांधलेल्या नव्हत्या. गाडी थांबत असताना त्या पन्नासच्या वेगानेच पुढे येत राहिल्या. तुमच्या सीटपर्यंत पोचल्या तोवर गाडी जवळपास थांबलेली होती. त्यांच्या वाट्याला अंतर आलं ते फक्त तुमच्या सीटची पाठ दबली तेवढं. गुडघे सीटच्या पाठीतल्या लोखंडी चौकटीवर, तिथून जोर मांडीच्या हाडात. कपाळ हेडरेस्टच्या दांडीवर किंवा खांबावर.

डोक्याचं एक सांगते. डमीचं डोकं वापरण्याआधी पास करून घ्यावं लागतं. ते ३७६ मिलिमीटरवरून, म्हणजे सव्वा फुटावरून, पोलादी प्लेटवर सोडायचं. २२५ ते २७५ जी आले तरच ते डोकं वापरायचं. सव्वा फूट! पहिल्यांदा मी ते केलं तेव्हा आवाज ऐकून पोटात खड्डा पडला होता. उंचीला फार किंमत नसते, कशावर पडलात त्याला असते.

उलट बाजूही बघा. जॉन स्टॅप नावाचा अमेरिकन हवाईदलातला डॉक्टर १० डिसेंबर १९५४ ला रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःला बांधून बसला. ताशी १,०१७ किलोमीटर वेगातून १.४ सेकंदांत थांबला, ४६ जी अंगावर घेऊन. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेना. आणि मग तो १९९९ पर्यंत जगला, ८९ वर्षांचा होऊन गेला. का? चहूबाजूंनी पट्ट्यांनी आवळलेला होता म्हणून. आपला साधा तीन टोकांचा पट्टाही विमानातूनच आलाय. व्हॉल्वोच्या नील्स बोलीनने तो १९५९ मध्ये केला, त्याआधी तो लढाऊ विमानांच्या सीटवर काम करत होता.

आता एक गोष्ट सांगू की नको असं दिवसभर वाटत होतं. आईंचं वजन किती?


उद्यमबागचा टर्नर
सोमवार, रात्री ९:४५

५८. सांगा ताई. मला अंदाज आलाय.


तवंदीपलीकडची
सोमवार, रात्री १०:३०

५८ किलोचे २० जीला ११६० किलो. हे तुमच्या पाठीवर आलं, तुम्ही पुढून पट्ट्यावर टेकलेले असताना. तुमच्या आणि वहिनींच्या दुखापतीतला फरक मला तिथे दिसतो. दोघे एकाच गाडीत, दोघांना पट्टा, त्यांना वळ आणि तुमचं हाड मोडलं, बरगड्यांना चीर. उसाकडची बाजू तुमची होती हेही आहे. पण त्यांच्या मागची सीट रिकामी होती.

२००२ मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जपानच्या अपघातांच्या नोंदींवर एक अभ्यास आला होता. मागे बिनपट्ट्याचा माणूस असेल तर पुढच्या पट्टा लावलेल्या माणसाच्या मरणाचा धोका जवळपास पाचपट निघाला. हे आईंना सांगायची गरज नाही. त्यांनी काही मुद्दाम केलेलं नाही. "मागं कोण पट्टा लावतंय" हा एकट्या आईंचा डायलॉग नाही, माझे वडीलही हेच म्हणतात आणि त्यांची मुलगी डमी बसवते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा चार दिवस सगळे मागचा पट्टा शोधत होते. त्याच वर्षीच्या केंद्राच्या आकडेवारीत पट्टा न लावल्यामुळे गेलेले १६,७१५, त्यातले ८,३३१ गाडी न चालवणारे. निम्मे.

पट्ट्याने आईंना काहीच झालं नसतं असं म्हणणार नाही. सदुसष्टाव्या वर्षी बरगडी ठिसूळ असते, एक-दोन गेल्या असत्या. आणि मला नोकरीत खुपतं ते हे की त्यांच्यासारखी डमी मी कधी बसवतच नाही. पुढे बसते ती ७८ किलोची, पावणेसहा फुटी पुरुषाची. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या सरकारी चाचणीच्या, समोरच्या धडकेत मागच्या सीटवर दोन पोरं असतात, दीड वर्षाचं आणि तीन वर्षांचं. मागे बसलेली लुगड्यातली म्हातारी कुठेच नसते.

म्हणून त्यांच्यासाठी एवढंच. कमरेचा पट्टा पोटावर घ्यायचा नाही. निऱ्यांचा खोचा असतो त्याच्या खाली, मांडीच्या सांध्याजवळ, हाडावर. खोच्यावरून घेतला तर तो वर सरकतो आणि आतडं कापतो. ह्यू डीहेवन नावाचा माणूस १९१७ मध्ये विमान शिकताना पडला, पट्ट्याच्या बकलानेच त्याचं यकृत आणि स्वादुपिंड फुटलं होतं. जगला, आणि जन्मभर हाच अभ्यास करत बसला. खांद्याचा पट्टा मानेला कापत असेल तर तो काखेखालून घ्यायचा नाही, खाली उशी घेऊन उंच बसायचं.


शहापुरी
सोमवार, रात्री ११:०२

गार्डचं मागे घेतलं. पण ताई, माणूस किती जी सोसतो हे तुम्हाला कळलं कसं? डमीला तर दुखत नाही.


तवंदीपलीकडची
मंगळवार, सकाळी ६:५०

मेलेल्या माणसांकडून. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून दान केलेल्या देहांवर चाचण्या झाल्या. कवटी कधी तडकते, छाती किती दबली की बरगडी जाते. त्या आकड्यांवरून डमी घडली. तिथल्याच अल्बर्ट किंग यांनी १९९५ मध्ये हिशेब मांडला होता की या देहांमुळे वर्षाला सुमारे ८,५०० जीव वाचतात. आपल्याकडचे दिनेश मोहनही याच वाटेने गेलेले. मिशिगनला माणसाची महाधमनी किती ताणली की फाटते ते मोजलं, मग आयआयटी दिल्लीत येऊन हेल्मेटपासून कडबा कापायच्या यंत्रापर्यंत सगळ्यावर काम केलं. २०२१ मध्ये कोविडने गेले.

बेळगावकरांना देहदान नवीन नाही. २०१० मध्ये आपल्याच आयुर्वेद कॉलेजात एका डॉक्टरांनी स्वतःच्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं होतं, वडिलांचीच तशी इच्छा होती. मी तेव्हा शाळेत होते, पेपरात वाचून आजी दोन दिवस जेवली नव्हती.


उद्यमबागचा टर्नर
शनिवार, संध्याकाळी ६:१०

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं, पाचपटीचा भाग गाळून.

आज गॅरेजात जाऊन आलो, गाडीतलं सामान काढायला. मागच्या सीटचा पट्टा ओढून बघितला, तो येतो मस्त. पण अडकवायचं बकल कुठेच दिसेना. मग लक्षात आलं, गाडी घेतली त्याच आठवड्यात हौसेने लेदरचे कव्हर शिवून घेतले होते, दुकानवाल्याने बकलांवरूनच शिवून टाकलंय. म्हणजे आईने लावायचा म्हटला असता तरी लावता आला नसता. सहा वर्षं.

गॅरेजवाल्याकडून कटर घेतला, डाव्या हातानेच टाके उसवले. तिन्ही बकलं आत होती. अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कोरी.

फोटो काढून आईला दाखवला. तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाली, "एवढं चांगलं होतं की रे, मग शिवून कशाला टाकलास?"